तीट लावलेला दिवा

मी एक जुना हेडलाइट आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा आहे. तो पाहून मुले हसतात. खुशाल हसा, मित्रांनो. माझ्या हातून जी चांगली कामे झाली, ती हा तुकडा लागल्यानंतरच झाली.

पुण्याकडच्या एका कारखान्यात मी तयार झालो. आधी वाटीसारखा चकचकीत आरसा, मग त्यावर रेघारेघांची जाड काच. शेवटी आम्हा प्रत्येकाला पांढऱ्या भिंतीसमोर पेटवून पाहत. माझ्या उजेडाची वरची कड भिंतीवर सरळ पडली आणि उजव्या टोकाला छपरासारखी वर चढली. तपासनिसाने मान डोलावून शिक्का मारला. ती कड उजवीकडेच का चढते, हे मी विचारले नाही. मी परदेशी जाणार होतो. तेवढ्यानेच मी फुगून गेलो होतो.

पण आमचे खोके गाडीत चढवताना पडले. मला आणि माझ्या जोडीदाराला साधा ओरखडाही आला नाही, तरी खोके चेपले म्हणून आम्ही मागे राहिलो. पुढे उरलेल्या मालात विकले जाऊन बीडला सिदूच्या स्पेअर पार्टच्या दुकानात येऊन पडलो.

तिथे नेकनूरची सुरेखा आली. तिची जुनी पिकअप होती. पहाटे वस्त्यांवरचे दुधाचे कॅन गोळा करायचे आणि चौसाळ्याच्या दूध केंद्रावर पोचवायचे, हा तिचा सहा वर्षांचा फेरा. एका ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या दगडाने तिचा एक दिवा फुटला होता.

"ताई, ही जोडी बघा. एक्सपोर्ट क्वालिटी हाय," सिदू म्हणाला. "भाईरदेशात जायची व्हती. तुमचं नशीब म्हणून हितं राहिली."

"उजेड पडतो ना नीट?"

"पडतो? अवो, दिवस उगवल्यागत पडतो!"

त्याने खोटे सांगितले नव्हते. आम्ही पेटलो की रस्ता लख्ख दिसे. सुरेखाच्या सासूने, सरस्वतीबाईंनी, आम्हा दोघांना हळदकुंकू लावले. गावात आमचे कौतुक झाले आणि मला वाटले, या रस्त्यावर आपल्यासारखा दिवा नाही.

महिनाभरातच दूध केंद्राच्या आसारामने सुरेखाला बाजूला बोलावले.

"सुरेखाताई, लोकं लई बोलायलेत. गाडीवाली डिपर देत न्हाई म्हणत्यात."

समोरून कुणी आले की चालकाने दिव्याचा उजेड खाली करायचा असतो. त्याला डिपर देणे म्हणतात.

"देते की, आसारामभाऊ. समोर कुणी दिसलं की पहिलं तेच करते."

"मग समदी खोटं बोलत्यात का? बाईमाणसाला अंधारात गाडी जमत न्हाई, असं बी म्हणायलेत. आता अजून एक तक्रार आली, तर तुमचा फेरा मला नाथाच्या गाडीला द्यावा लागंल."

गाडीपाशी येऊन सुरेखाने पदराने आमच्या काचा खसाखसा पुसल्या. काच मळली असेल, असे तिला वाटले. मला खात्री होती की चूक आमची नाही. दुर्दैवाने मी चुकत होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे एका छोट्या पुलावर समोरून मेंढ्या आल्या. सुरेखाने लगेच डिपर दिला. तरीही मेंढ्या बिथरल्या, एक मेंढी कठड्यावरून खाली घसरली आणि कळपामागून येणारी रतनबाई डोळ्यांवर पदर ओढून जागीच उभी राहिली. सुरेखाने गाडी थांबवून उडी मारली. दोघींनी मिळून मेंढी वर काढली. ती लंगडत होती.

"का म्हून गं बाई? डोळं फोडती का माझं?" रतनबाई कडाडली.

"मावशी, शपथ घेते. मी डिपर दिलता."

"दिलास, तर फरक काय पडला? दुसऱ्या गाड्या दिवा पाडत्यात, तवा उजेड माझ्या पायाशी येतो. तुझा तोंडावरच ऱ्हातो! अन् त्यो बघ, तुझ्या बाजूचा लिंब. दुसऱ्या गाडीच्या उजेडात त्याचं पान अन् पान दिसतं. तुझ्या गाडीत त्यो काळाच्या काळा. आज चौसाळ्याला जाऊन सांगतेच मी."

"मावशी, एक दिवस द्या मला. एकच."

रतनबाईने लंगड्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या पहाटं ह्याच पुलावर येते. उद्या बी असंच झालं, तर थेट केंद्रावर."

त्या दिवशी सुरेखाच्या डोक्यात तो काळा लिंब घोळत राहिला. दिवेलागणीच्या सुमारास तिने गाडी रस्त्यावर आणली आणि सरस्वतीबाईंना चालकाच्या जागेवर बसवले.

"मी? अगं, मी कधी सायकलीला हात लावला न्हाई!"

"आत्याबाई, गाडी बंदच हाय. मी हात वर केला की ही दांडी वढायची, बास."

सुरेखा समोरून चालत आली आणि तिने हात वर केला. सरस्वतीबाईंनी दोन्ही हातांनी दांडी ओढली. मी उजेड खाली केला. माझ्या मते, अगदी नियमाप्रमाणे. पण सुरेखाने डोळ्यांवर हात घेतला.

"आत्याबाई, डिपर दिला का?"

"दिला की गं! कवाचा दिला!"

सुरेखा तशीच उभी राहिली. इतके दिवस ती काचेच्या मागून बघत होती. समोरून आज पहिल्यांदाच बघितले.

मग तिने गाडी शाळेच्या पांढऱ्या भिंतीसमोर लावली आणि शेजारच्या अभिमन्यूला त्याचा टेम्पो शेजारी लावायला सांगितले. दोघांनी डिपर दिले. भिंतीवर टेम्पोच्या उजेडाची कड डावीकडे वर चढली आणि आमची उजवीकडे. अभिमन्यूने दोनदा डोळे चोळले. सुरेखाने तिथूनच फोन लावला.

"सिदूभाऊ, एक्सपोर्ट म्हंजे कोणत्या देशात जायचा व्हता माल?"

"आता ते काय मला ठावं? लांबच कुठंतरी."

"तिथं गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूनं चालत्यात?"

फोनवर आमचे जुने खोके ओढून त्यावरचा छाप वाचल्याची पुटपुट ऐकू आली. मग सिदू हळूच म्हणाला, "...उजव्या. ताई, मी बदलून देतो. पण माल यायला पंधरा दिवस लागतील."

तेव्हा मला ती कारखान्यातली भिंत आठवली. मित्रांनो, आपण डावीकडून चालतो. म्हणून आपल्या दिव्याचा उजेड डावीकडे थोडा चढतो आणि कडेची झाडे, पाट्या, माणसे दाखवतो. उजवीकडून समोरचा येतो, तिकडे तो खालीच राहतो. मी उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी घडवलेला होतो. तिथे मी कडेची झाडे दाखवली असती. इथे मी रोज कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत घुसत होतो आणि बोल सुरेखाला लागत होता.

पंधरा दिवस कुणाकडे होते? पुलावरची पहाट तर उद्याच होती. सुरेखाने पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला आणि तो माझ्या काचेवर इंच इंच सरकवू लागली. अभिमन्यू भिंतीकडे बघून ओरडत होता, "न्हाई... न्हाई... अजून खाली... हां! गेलं छप्पर!" काचेच्या ज्या भागातून तो चढता उजेड येत होता, तो सापडला होता. तेवढ्या भागावर सुरेखाने काळी चिकटपट्टी लावली. मग जोडीदाराच्या काचेवरही तसेच केले. भिंतीवर आता सरळ, आडवी कड उरली.

खरे सांगतो, मला लाज वाटली. एवढा नावाजलेला दिवा आणि त्याला ठिगळ!

पहाटे पुलावर मेंढ्या दिसल्या. सुरेखाने स्टिअरिंग घट्ट धरले आणि डिपर दिला. रतनबाईचा हात सवयीने पदराकडे गेला. पण तो तिथेच थांबला. मेंढ्या गाडीच्या कडेने निवांत पुढे गेल्या, लंगडीसुद्धा. रतनबाई जवळ आली आणि तिने काठीने बोनेटवर टकटक केले.

"आज लांबूनच वळखलं बघ तुला. इतके दिस नुसता जाळ दिसायचा. आत माणूस हाय का न्हाई, तेच कळत नव्हतं."

ती चौसाळ्याला गेली ती तक्रार करायला नव्हे, हेच सांगायला. आसारामने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याकडे बोट दाखवले. "काय सुरेखाताई, गाडीला तीट लावली का?"

"लावली. तुमच्या लोकांची दृष्ट लई लागायली," सुरेखा म्हणाली. दोघेही हसले. फेरा तिच्याकडेच राहिला.

पंधरा दिवसांनी योग्य दिवे आले आणि आम्हाला उतरवले. वर्षभर मी पोत्यात धूळ खात पडलो. मग शाळेच्या वर्षाराणीबाईंनी मला मागून नेले. आता त्या मला बॅटरीला जोडतात, त्याच पांढऱ्या भिंतीसमोर पेटवतात आणि पट्टी काढून तुम्हाला ते छप्पर दाखवतात.

तेव्हा मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसा, तास संपला की पट्टी पुन्हा जागच्या जागी लावा. आणि तुम्ही मोठे होऊन गाडी घ्याल, तेव्हा दिवे लावून एकदा खाली उतरा. वीस पावले पुढे जा, मागे वळा आणि रतनबाई जिथे उभी होती तिथे उभे राहून बघा.