कपड्यांसकट तीन किलो शंभर

मित्रांनो, भाजीवाल्याच्या तागडीशी माझं भाऊबंदकीचं नातं. पण माझ्या नशिबी कांदे-बटाटे आले नाहीत. माझ्या आकड्याला निळ्या कापडाची झोळी अडकवतात आणि त्या झोळीत नुकती जन्मलेली लेकरं घालतात. मी बाळं मोजणारा वजनकाटा, आता जुना झालेला. पत्र्याची गोल तबकडी, पोटात एक स्प्रिंग, तोंडावर एक सुई, एवढाच माझा संसार. मला जीभ नाही. जे काय बोलायचं ते सुईनं, आणि तेही एकाच विषयावर.

मी कुठल्याशा कारखान्यात जन्मलो, खोक्यातून लोहाऱ्याला आलो, आणि तिथं प्रशिक्षणाच्या दिवशी आरोग्य खात्याच्या आशाताई वर्षाराणीच्या हाती पडलो. माकणीच्या पलीकडं, तेरणेच्या धरणाकडं तोंड करून बसलेली एक वस्ती आहे. तिथली सगळी बाळंतघरं तिच्याकडं. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, असं ती मला पिशवीत घालून दारोदार फिरायची. बायका हसायच्या. "आली गं बाजाराची बाई! बोल, काय भाव लावलास आमच्या पोराला?" वर्षाराणीही कमी नव्हती. "तुझ्यासारखं फुकट न्हाय ते," म्हणायची, आणि मला एका हातानं उंच धरायची.

माझं कौतुकही झालं. एकदा सोळाशे ग्रॅमची पोर माझ्यामुळं वेळेत दवाखान्यात गेली आणि वाचली. तिच्या आजोबांनी माझ्या तबकडीला कुंकू लावलं. ते पुसायला वर्षाराणीला दोन दिवस लागले. ते दिवस चांगले होते. आता वाईट सांगतो, आणि कुणाची भीडभाड न ठेवता सांगतो.

मागच्या मार्गशीर्षात सोमेश आणि महेश्वरीला मुलगा झाला. सोमेश जीप चालवतो. घरात त्याची आई नागम्मा. तिचा शब्द म्हणजे उंबरा, ओलांडायचा नाही. दवाखान्यात जन्मताना बाळ दोन किलो नऊशे भरलं होतं. सातव्या दिवशी मी दोन आठशे दाखवलं. पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच, त्यात काही विशेष नाही. पण चौदाव्या दिवशीही सुई दोन आठशेवरच थांबली, आणि वर्षाराणीच्या कपाळाला आठी पडली.

"अवो, लेकरू हाय का कोंबडं?" नागम्मा म्हणाली. "दर आठवड्याला तोलायलाव!"

"कोंबडं असतं तर वाढलं असतं, मावशी. हे वाढंना."

महेश्वरी भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांखाली काळं. ती म्हणाली, "ताई, हे झोपतच न्हाय. दोन घोट पितंय, दमतंय, सोडून देतंय. डोकं घामानं भिजतंय. मग रडतंय, रडतंय, रडतंय."

"थंडीत घाम?" वर्षाराणीचा हात थांबला. "मावशी, उद्याच्या उद्या सोलापूरला लेकरांच्या डॉक्टरला दाखवा."

"दवाखान्यातच तर वढून काढलं ह्याला. मानेची हाडं तिथंच सरकली. आता परत तिथंच न्हिऊ?" नागम्मानं बाळाला दुपट्यात गुंडाळलं. "शेजारच्या दीपालीची पोरगी तीन महिने ठणाणा करत व्हती. नळदुर्गच्या रणधीर सरानं चार बोटं लावली अन् गप झाली. आमी तिकडंच जाणार हाव."

दीपालीच्या पोरीला मी मोजलेलं आहे. दर खेपेला ती वाढलेलीच असायची. गालावर गाल चढलेले. तसली धडधाकट पोरंही पहिले तीन महिने रडतात. दीड महिन्याला रडणं टिपेला जातं आणि पुढं आपसूक ओसरतं. पाऊस त्याच्या वेळेला थांबतो, आणि त्याच वेळी छत्री मिटणारा म्हणतो, मीच थांबवला.

रणधीर सरांचा गाळा हायवेवर, टायरच्या दुकानाशेजारी. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'ऑस्टिओपॅथी', म्हणजे हातानं हाडं-सांधे सारखे करण्याची विद्या, आणि खाली 'नवजात बाळांची शांत झोप'. दुसऱ्या खेपेला वर्षाराणी हट्टानं सोबत गेली, म्हणून पिशवीत मीही होतो. खोटं कशाला सांगू? माणूस आडदांड नव्हता. त्यानं काही कडाकडा मोडलं नाही. बाळाच्या डोक्याखाली हात ठेवला, मानेवरून बोटं फिरवली, हळू, पिकलं फळ हाताळावं तशी. बाळ झोपलं. नागम्माच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर, ह्याला घाम लई येतोय," महेश्वरी म्हणाली.

"चांगलं लक्षण आहे ताई. जन्मताना अंगात बसलेला ताण बाहेर पडतोय."

"सर," वर्षाराणीनं विचारलं, "ह्यानं लेकरं झोपतात ह्याला काही पुरावा?"

"पुरावा? शेकडो आया आहेत की! विचारा कुणालाही."

मित्रांनो, आया खोटं बोलत नाहीत. पण आईला रडं थांबलेलं दिसतं, ते कशानं थांबलं ते दिसत नाही. त्यासाठी शेकडो लेकरं, हात लावलेली आणि न लावलेली, शेजारी शेजारी ठेवून मोजावी लागतात. असं ज्यांनी मोजलं त्यांना ठाम काही सापडलेलं नाही. मी मोजण्याच्या धंद्यातला आहे, म्हणून मला हे टोचतं. त्या माणसाचा राग मला त्याच्या बोटांचा येत नाही. घाम बघूनही "आधी डॉक्टरला दाखवून या" एवढं वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही, त्याचा येतो. त्याच्या बोटांनी हाड मोडलं नाही. दिवस खाल्ले.

मध्ये बाळाचं बारसं झालं. नाव ठेवलं शरणबसप्पा, आजोबांचं. जंगमस्वामींनी लिंगायतांच्या रीतीप्रमाणं गळ्यात इष्टलिंग बांधलं, चांदीच्या डबीत. हाता-पायात कडी-तोडे, कमरेला करदोटा. गारठा वाढला म्हणून अंगात स्वेटर, टोपडं, वर लोकरीचं जाड दुपटं.

एकविसाव्या दिवशी वर्षाराणीनं मला पिशवीतून काढलं तसा नागम्मानं हात आडवा केला. "उगडं टांगायचं न्हाय. मागं उगडं टांगलं, नजर लागली. अंगावरचं काय बी काढायचं न्हाय."

"बरं, मग तसलेच कपडे आधी झोळीत घालून बघते, तेवढं वजन वजा करता येईल."

"लेकराबिगर झोळी हालवायची? ह्या घरात? यव्वा, काय बोलायलीस तू!"

लेकराविना पाळणा हलवू नये, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. झोळीही त्यातच आली. वर्षाराणीनं झोळी माझ्या आकड्याला अडकवली. सकाळपासूनचं हे तिचं पाचवं घर होतं. तिनं बाळाला आहे तसं, स्वेटर-दुपटं-चांदीसकट झोळीत घातलं. सुई तीन किलो शंभरवर गेली.

"तीन शंभर!" नागम्मानं टाळी वाजवली. "बग! एका आठवड्यात! हात लागला सराचा! महेश्वरी, साखर आण."

मी खोटं बोललो नव्हतो. माझ्यात जे घातलं त्याचं वजन तीन किलो शंभरच होतं. पण विचारलं होतं बाळाचं, आणि उत्तर मी बाळाचं दिलं नाही. चारशे ग्रॅम लोकर आणि चांदी होती ती. वर्षाराणीला हे कळत होतं. तिनं पेन उचललं, थांबली, महेश्वरीच्या तोंडाकडं बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती बाई हसत होती. वर्षाराणीनं लिहिलं, ३.१००. वजा करायचं नंतर बघू म्हणाली असेल मनात. हे 'नंतर' किती घरं बुडवतं ते मला विचारा.

त्या आठवड्यात बाळ झोपायला लागलं. खूप झोपायला लागलं. घर शांत झालं. गल्लीत रणधीर सरांचं नाव झालं. नागम्मा नवस फेडायला येरमाळ्याला, येडेश्वरीला गेली. कुणालाच वाटलं नाही की रडायलाही ताकद लागते, आणि ती आता लेकरात उरली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी वर्षाराणी आली तेव्हा महेश्वरीनं आतून दाराला कडी घातली.

"ताई, आव्वा येरमाळ्याला गेल्यात. आता खरं मोजा."

तिनं टोपडं काढलं, स्वेटर काढला, कडी-तोडे, करदोटा काढला. लिंगाची डबी तिनं गळ्यातून काढली नाही. बाळ झोळीत गेल्यावर ती डबी तिनं आपल्या तळहातावर झेलून धरली, दोरा सैल ठेवून, म्हणजे तिचा भार माझ्यावर येणार नाही. एवढी अक्कल मी शिकलेल्या माणसांतही पाहिली नाही.

दोन किलो सहाशे.

मी जन्मात पहिल्यांदा माझी सुई चुकावी अशी इच्छा केली. ती चुकली नाही.

"ताई, हे जन्मलं तवा ह्याच्यापेक्षा मोठं व्हतं," महेश्वरी म्हणाली.

सोमेशनं जीप काढली. सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीला ठोके ऐकायची नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. काळजाला मोठं छिद्र होतं. म्हणून ते दोन घोटांत दमायचं, म्हणून घाम, म्हणून रडं. भुकेलेलं लेकरू झोपणार कसं? "थोडं आधी आणायला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले. "औषधांनी टिकवलं असतं, ऑपरेशनपर्यंत नेता आलं असतं. कदाचित." तिसऱ्या दिवशी ते परत आलं, दुपट्यात गुंडाळलेलं. धरणाकडच्या अंगाला त्याला माती दिली.

पंधरवड्यानं तालुक्याहून एक साहेब चौकशीला आले. त्यांनी वर्षाराणीची वजनाची वही उघडली, चष्मा पुसला. "एकवीसला तीन शंभर, अठ्ठावीसला दोन सहाशे? आठवड्यात अर्धा किलो गेलं? शक्य नाही." मला उचलून पालथं केलं. "जुना दिसतोय. काटा नादुरुस्त, असं लिहितो. म्हणजे कुणालाच त्रास नको."

"व्हय साहेब," नागम्मा चटकन म्हणाली. "काटाच खोटा."

वर्षाराणीनं मान खाली घातली. तिला दोन पोरी आहेत, आणि ही नोकरी पक्की नाही. मी तिला दोष देणार नव्हतो. पण महेश्वरी उठली, आत गेली आणि मिठाचा न फोडलेला एक किलोचा पुडा घेऊन आली. मला खुंटीला अडकवलं आणि पुडा झोळीत ठेवला.

सुई एकावर. ना इकडं, ना तिकडं.

"लिवा साहेब, काटा खरा हाय," ती म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. "माझ्या लेकराबद्दल ह्या घरात खरं बोलणारा ह्योच एकटा व्हता. आमी त्याच्या तोंडात दुपटं कोंबलं."

नागम्मानं पदर तोंडात धरला. साहेब घड्याळाकडं बघायला लागले. वर्षाराणीनं त्यांच्यापुढची वही आपल्याकडं ओढली आणि लिहिलं : काटा बरोबर आहे. वजन कपडे व दागिन्यांसकट घेतले. चूक माझी. खाली सही. तिला त्याची नोटीस आली, आणि ती नोटीस ती अजून बाळगून आहे.

आता नवा, आकडे उजळणारा काटा आला. मी तिच्या कपाटात असतो. नळदुर्गची पाटी अजून आहे, तिथं गर्दीही आहे. महेश्वरीचं दूध आटायला बाळ गेल्यावर बारा दिवस लागले. ते मोजायला मला कुणी नेलं नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी पत्रा आहे, गंजेन. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरी रडणारं, न झोपणारं बाळ येईल. कुणाचाही हात त्याला लावा, पण आधी डॉक्टरचा लावा. दूध पिताना दमत असेल, घामेजत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. रडणारं एकदम गप झालं तर साखर वाटू नका, आधी बघा. आणि ताई काटा घेऊन दारात आली की त्याला उघडं करून झोळीत घाला. अर्ध्या मिनिटाची थंडी लेकराला सोसते.