शिडाच्या दोरीला टांगलेला डबा

माझ्या जावयाची होडी जगातल्या सगळ्यात घाणेरड्या पाण्यात नांगर टाकून उभी होती, आणि हौसेने उभी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नाकाला रुमाल लावायचा असेल त्यांनी तो आत्ताच लावून घ्यावा.

किनाऱ्यावर मासळी उकडून तिची भुकटी करणारा कारखाना होता. त्याचा नळ थेट समुद्रात सोडलेला. त्यातून जे बाहेर पडे त्याला पाणी म्हणवत नव्हतं. करडी जाड साय, सायीवर तेलाचे डोळे, आणि मधूनच कुणाचा तरी खराखुरा डोळा. मी पोचलो त्या दिवशी माझ्या मनगटावरचं घड्याळ बंद पडलं, ते त्या वासानेच. एक समुद्रपक्षी एका पंखाने नाक दाबून दुसऱ्या पंखाने उडत होता, हे मी स्वतः पाहिलंय. माझे डोळे अधू आहेत, ही गोष्ट वेगळी.

अशा जागी चौदा शिडाच्या होड्या लग्नाच्या पंगतीसारख्या खेटून उभ्या होत्या. आणि डोंगराच्या वळणापलीकडे, शिडाने दोन तासांवर, पांढऱ्या वाळूची खाडी रिकामी पडली होती. कारण एवढंच, की मोबाइलचा टॉवर कारखान्याच्या धुराड्याला चिकटवलेला होता आणि खाडीत टॉवर नव्हता.

"अप्पा, इथे फोनवर सिग्नलच्या पाच काड्या येतात," जावईबापूंनी माझी पिशवी होडीत घेता घेता सांगितलं. दुसरा एखादा जावई इथे चहा मिळतो म्हणून सांगतो, त्या थाटात.

"आणि वास?"

"कसला वास?"

मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "चार दिवसांनी कळेनासा होतो. मला अजून कळतो, म्हणून हा मला नाजूक म्हणतो."

मी तिथे हवापालटाला गेलो नव्हतो. पन्नास वर्षं मी शिडं शिवली. या होडीचं मोठं शीड माझ्या हातचं शेवटचं. ते शिवून झालं त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरने सुई-दोरा बंद केला, आणि आहे ती नजर कधीपर्यंत पुरेल ते विचारू नका म्हणाला. मी विचारलं नाही. लेकीला फोन केला, "मला ते वाऱ्याने फुगलेलं एकदा बघायचंय." ती म्हणाली, "या आठ दिवस. आठही दिवस फिरू."

आठांपैकी सहा दिवस शीड आडव्या दांड्यावर गुंडाळून पडलं होतं. त्याच्यावर कारखान्याची काजळी आणि काजळीवर माश्या. मी रोज हाताने झटकायचो, हात रोज चिकट व्हायचा, आणि साबणाने तो आणखी चिकट व्हायचा.

शीड का चढत नव्हतं, ते ऐका. शीड वर ओढायला डोलकाठीच्या टोकावरून एक दोरी खाली आलेली असते. जावईबापू घरून ऑफिसचं काम करत, म्हणजे घर सोडून समुद्रावर आले होते आणि ऑफिसला ते सांगितलं नव्हतं. इंटरनेट नीट मिळावं म्हणून त्यांनी एक पांढरा डबा आणला होता, डब्याला दोन शिंगं. डबा जितका उंच, तितका सिग्नल चांगला. तेव्हा त्यांनी काय करावं? शिडाच्या दोरीला डबा बांधला आणि डोलकाठीच्या टोकाला चढवून ठेवला.

"दोरी एकच आहे, जावईबापू," मी म्हणालो. "एक तर शीड वर जाईल, नाही तर डबा."

"बरोबर आहे अप्पा. म्हणून डबा."

पन्नास वर्षांत मी शिडाच्या दोरीला ओले कपडे लटकलेले पाहिलेत, एकदा सुटलेला बोकड वर चढवलेला पाहिलाय, पण एवढी शिसारी मला बोकडाचीही आली नव्हती.

शेजारच्या होडीवर एक निवृत्त दंतवैद्य राहत होता. जगप्रदक्षिणेला निघालेला माणूस. त्याच्या नांगराच्या साखळीवर बोटभर शेवाळ आणि तळाला शिंपल्यांची वसाहत. मी विचारलं, "डॉक्टर, पुढे कधी निघणार?"

"एक मालिका डाउनलोड होतेय. झाली की निघालो."

"कधीपासून होतेय?"

"मी इथे आलो तेव्हा नववा भाग चालू होता," तो म्हणाला. "आता बत्तिसावा."

त्याचा चहाचा कप कठड्यावर होता. कपात वरून काजळी पडत होती, आणि तो ती फुंकर मारून बाजूला करून पीत होता, आपण दुधावरची साय करतो तशी. मी तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूला नळ होता. पुन्हा तोंड फिरवलं.

तिथे सगळेच तसे. पलीकडची बाई सूर्यास्ताचे फोटो टाकायची. सूर्य धुराड्याआड मावळायचा म्हणून ती दुसऱ्या कुठल्या तरी बेटाचा जुना सूर्यास्त टाकायची आणि खाली लिहायची, 'आत्ता, इथे.' लोक माझ्या थापांना नावं ठेवतात.

पाचव्या दिवशी मी छोट्या नावेतून गोडं पाणी आणायला किनाऱ्यावर गेलो. कारखान्याच्या फाटकावर रखवालदार बसला होता. माझ्याहून म्हातारा, एक कान बहिरा. नाकही बहिरं असावं, कारण तिथेच बसून डबा खात होता. गप्पा झाल्या. मी त्याला सांगितलं की मी एकदा इतकं मोठं शीड शिवलं, की त्याच्या सावलीत तीन गावांत दुपारी दिवे लावावे लागले. तो म्हणाला, "परवा आमचेही दिवे जाणार. बॉयलर धुवायचेत. दहा ते पाच वीज बंद. धुराडंही बंद, त्यावरचं सगळं बंद."

"त्यावरचा टॉवरसुद्धा?"

"त्याला काय वेगळी वीज येते का?"

परत येताना मी नाव हळूहळू वल्हवली. ही बातमी होडीवर सांगणं माझं कर्तव्य होतं. मी सांगितली नाही. उलट म्हणालो, "जावईबापू, परवा तुमची ती मोठी बैठक ना? बॅटऱ्या काठोकाठ भरून ठेवा. ऐन वेळी घोटाळा नको."

"अप्पा, तुम्हाला आता पटायला लागलं," ते खूश होऊन म्हणाले, आणि बॅटऱ्या भरायला इंजिन चालू ठेवलं. दोन दिवस ते घरघरत राहिलं. डिझेलची बोट शनिवारी येणार होती, आणि बैठक गुरुवारी.

"अप्पा, तुम्ही काहीतरी करताय," लेक भांडी घासता घासता म्हणाली. भांडी त्याच पाण्यात विसळायची नाहीत म्हणून ती त्यांना पावसाचं साठवलेलं पाणी वापरत होती, वाटीवाटीने.

"मी काय करणार बये? मला दिसत तरी काय?"

गुरुवारी दहाला बैठक सुरू झाली. जावईबापू वरून इस्त्रीचा शर्ट, खालून अर्धी चड्डी. पाठीमागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र असलेला पडदा. पडद्याच्या दोन पुस्तकांमध्ये एक मेलेली माशी चिकटली होती. साहेब लॅपटॉपवर काही सांगत होते आणि जावईबापू मान डोलवत होते. दहा वाजून चार मिनिटांनी धुराडं थांबलं आणि साहेब तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजले.

चौदा होड्यांवर एकदम माणसं वर आली. मी त्यांतल्या कित्येकांना सात दिवसांत पहिल्यांदा पाहत होतो. फिकट, डोळे बारीक केलेली, हात वर धरून फोन हलवणारी. दगड उचलल्यावर खालचे जीव जसे बाहेर येतात, तसं ते दृश्य होतं.

"बैठक दोन तास आहे," जावईबापू घामाघूम झाले. "वळणाजवळ लांबच्या टॉवरचा थोडा सिग्नल येतो. इंजिन लाव."

लेकीने इंजिन लावलं. ते दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"डिझेल?"

"ते तुमच्या बॅटऱ्यांत गेलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डोलकाठीकडे. "शीड चढवा," ते म्हणाले. मी हेच वाक्य ऐकायला आलो होतो. डबा खाली उतरला, दोरी शिडाला लागली, आणि मी आणि लेकीने ओढायला सुरुवात केली.

माझं शेवटचं शीड उघडलं, तेव्हा पहिली बाहेर आली ती घाण. काजळीच्या पापड्या, मेलेल्या माश्यांचा सडा, आणि घड्यांमध्ये कोंडून कुजलेला वास. जावईबापूंच्या इस्त्रीच्या शर्टावर काळं खत पडलं. लेकीच्या केसांत माश्या. माझ्या तोंडातही काही गेलं. काय ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही. पांढरं शुभ्र म्हणून मी जे शिवलं होतं, ते वापरलेल्या पायपुसण्याच्या रंगाचं वर गेलं.

लेकीने सुकाणू वळवलं. वारा आला. शीड एकदा फडफडलं, उरलेली काजळी झटकून टाकली, आणि भरलं.

मला ते धूसरच दिसलं. पण शिडाच्या पोटाचा बाक मी दिला होता तिथेच होता, आणि एकही शिवण कुरकुरली नाही. ते कानाला कळतं. होडी झुकली, नळ मागे गेला, साय मागे गेली, आणि पाणी निळं झालं.

वळणाजवळ स्वच्छ हवा आली. दोन महिन्यांत जावईबापूंना तिची सवय राहिली नव्हती. त्यांनी एक खोल श्वास घेतला, पांढरे पडले आणि कठड्यावरून वाकून ओकले. तोंड पुसत त्यांनी फोन पाहिला.

"दोन काड्या. अप्पा, थांबा. शीड उतरवा, डबा वर घ्या."

शिडाची दोरी बांधलेल्या खुंटीवर मी बसलेलो होतो. "गाठ आवळलीय," मी म्हणालो.

"बघू मला."

"नवशिक्याने हात लावला तर डोलकाठी मोडते. या गाठीपायी एका कप्तानाचं तोंड कायमचं वाकडं झालं, मी होतो तिथे. ही आपोआप सैल होते. तास-दीड तास लागतो."

लेक सुकाणूवर होती. ती पुढे बघत राहिली, पण तिचे खांदे हलत होते. आम्ही पांढऱ्या वाळूच्या खाडीपर्यंत गेलो आणि परत वळलो. तेवढा वेळ मी गाठीवर बसून वर बघत राहिलो.

संध्याकाळी धुराडं पेटलं. डिझेलची बोट तिथेच येणार म्हणून आम्ही पुन्हा त्याच सायीत येऊन उभे. जावईबापूंचा फोन थरथरला. साहेबांचा निरोप होता. जावईबापूंचं मान डोलवतानाचं थिजलेलं चित्र दोन तास बैठकीत बसून होतं. साहेबांनी लिहिलं होतं, 'आज तुम्ही नेहमीपेक्षा लक्षपूर्वक ऐकत होता. इतरांनी शिकावं.'

"बघा," जावईबापू म्हणाले. "जागा सोडायला नको." आणि डबा शोधायला आत गेले.

मला एवढी किळस आली, की मी पिशवीतून सुई काढली. डॉक्टरने बंद केलेली. डबा सापडेपर्यंत मी शिडाच्या टोकाची कडी आणि दोरी मेण लावलेल्या दोऱ्याने एकमेकांत शिवून टाकली, सात पदरी, डोळे मिटून. माझ्या हाताला डोळे लागत नाहीत. त्या रात्री डबा छपरावरच ठेवावा लागला. काड्या दोनच आल्या. मी दुसऱ्या दिवशी घरी गेलो. कपडे तीनदा धुतले, मग टाकून दिले.

आठवड्याने फोन आला. पडद्यावर जावईबापूंचं नाक आणि मागे धुराडं. "अप्पा, कापायला गेलो तर ही म्हणते तुमच्या हातचं आहे. तुमची ही शिवण उसवायची कशी?"

"इथे नाही उसवत," मी म्हणालो. "वळणापलीकडे जायचं. शीड पूर्ण चढवायचं. वारा भरला की टाके एकेक करून सैल पडतात."

"किती वेळा जावं लागेल?"

मागे लेक सुकाणूशी जाऊन उभी राहिलेली मला अंधुक दिसली.

"सात पदर आहेत," मी म्हणालो. "तुम्ही मोजा."