दुसरी गिटार

"‘सूनी छत’ एक नंबर? तुह्यं डोकं ठिकाणावर हाये का, महामाया?" शिलाई मशीन न थांबवता यास्मीन म्हणाली. "एक नंबर ‘नवंबर के बाद’. आज बी, उद्या बी."

"‘नवंबर’ आयकला का मले झोप येते."

"झोप नाई वं, उदासी हाये ते. तुले फरक समजत नाई."

धाड गावच्या बसस्टँडमागे यास्मीनचं लेडीज टेलरिंगचं दुकान. महामाया तिथल्याच आरोग्य केंद्रात नर्स. ड्यूटी संपली की ती दुकानात येऊन बसे आणि ‘चौथा फाटक’वरून दोघींची जुंपे. भोपाळच्या चार पोरांचा तो बँड. सिनेमात त्यांचं गाणं नाही, टीव्हीवर नाही. ‘सूनी छत’ आणि ‘नवंबर के बाद’ हे पहिले दोन अल्बम दोघी बुलढाण्याला कॉलेजात असताना कुणाच्या तरी मेमरी कार्डातून आले होते. तिसरा, ‘किराये का मकान’, अलीकडचा. तो काढून बँड मोडला. तिन्ही अल्बम सारखेच उदास. गावात दुसऱ्या कुणाला या बँडचं नावही ठाऊक नव्हतं. मग त्यातला सगळ्यात उदास कोणता, हे ठरवायला या दोघीच, आणि त्यांचं कधी जमलं नव्हतं.

"आन् ‘किराये का मकान’ सगळ्यात खाली," यास्मीनने दोरा दातांनी तोडला. "शेवटच्या गाण्यात मधात नुसतं रिकामं सोडून देल्लं. गाणारा श्वास घेऊन राह्यला, बस."

"रिकामं? तिथं तं दुसरी गिटार रडते!"

"कोनती दुसरी गिटार?"

महामायाला थट्टा वाटली. तिने मोबाईलवर तेच गाणं लावलं आणि इअरफोन पुढे केला. यास्मीनने मशीन थांबवली, दोन्ही कानांत बोंडं घातली आणि डोळे मिटून ऐकू लागली. मग तिने मान हलवली. काही नाही.

महामायाने स्वतः ऐकून पाहिलं. गिटार होती, बारीक, फक्त डाव्या बाजूने येणारी. तिने यास्मीनच्या डाव्या कानाकडे पाहिलं. मग बोंडांची अदलाबदल करून, डावं उजव्यात आणि उजवं डाव्यात, तिने यास्मीनच्या कानांत घातली.

यास्मीनचा चेहरा उजळला. "या अल्ला! हे कुठून आलं? किती बारीक वाजवून राह्यला..." बोलता बोलता ती थांबली. मैत्रिणीच्या तोंडाकडे पाहिलं. गाणं संपायच्या आधीच तिने इअरफोन काढून ठेवला.

"कधीपासून?" महामायाने विचारलं.

"मले वाटलं, मशीनच्या आवाजानं होत असंन." यास्मीनने मांडीवरचा ब्लाउज उगाच उलटा-सुलटा केला. "सासूबाई साऱ्याईले सांगते, बहू को घमंड आ गया, आवाज दो तो जवाब नहीं देती. मी म्हटलं, म्हनू दे. बहिरी म्हनण्यापेक्षा घमंडी बरी."

पुढच्या आठवड्यात महामाया तिला बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचेच्या बंद खोलीत यास्मीन बसली. आवाज आला की बोट वर करायचं. काचेबाहेरून महामाया पाहत होती. उजव्या कानाच्या वेळी बोट बऱ्याचदा वर झालं. डाव्याच्या वेळी यास्मीनचा हात मांडीवरच पडून राहिला.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. डावा जवळजवळ गेलाय, उजव्यातही सुरुवात आहे. गेलेलं परत येणार नाही. कानाला मशीन लावावी लागेल.

"आन् गाणे?" यास्मीनने विचारलं.

"बोलणं समजेल. गाणं पूर्वीसारखं वाटेलच, असं नाही सांगता येत."

यास्मीनने "ठीक हाये" म्हटलं आणि पर्स उचलली.

परतीच्या एसटीत महामाया खिडकीशी बसली, म्हणजे मैत्रिणीच्या चांगल्या कानाकडे. बस बुलढाण्याबाहेर पडली. मग महामाया म्हणाली, "मी इचार केला. ‘नवंबर’च एक नंबर हाये. तू जिंकली."

यास्मीनने तिच्याकडे पाहिलं. "काऊन? त्या दिवशी तं झोप येत होती तुले."

"तसं नाई वं..."

"तसंच हाये. डॉक्टरनं कागद देल्ला म्हनून मले जिंकवून राह्यली. कीव करते माही?" तिने पर्स मांडीवर आपटली. "पुढं गाणे कसे आयकू येतीन, मले मालूम नाई. भांडन तं आयकू येऊ दे. भांड माह्यासंग."

महामायाने ओढणीने नाक पुसलं. मग ती बोलू लागली आणि बसचा खडखडाट इतका की तिला ओरडावंच लागलं. "‘नवंबर’मधी मानूस नुसता रडते! ‘सूनी छत’मधी तो वाट पायते! वाट पायनं रडन्याहून वाईट असते!"

"वाट पायनाऱ्याले उमीद असते!" यास्मीनही ओरडली. "‘नवंबर’मधी उमीदच नाई! सारे निघून गेले आन् हा एकटा घर झाडून राह्यला!"

"झाडते तं झाडू दे! घर तं हाये ना त्याले!"

"कायचं घर? चार भिंती!"

कंडक्टरने तिकिटं फाडायची थांबवली. पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली. पलीकडच्या रांगेत तानाबाई बसली होती, महामायाच्या केंद्रावर बीपीच्या गोळ्या न्यायला येणारी म्हातारी. दोघींचे भरलेले डोळे पाहून ती आपली पिशवी सावरत वाकली.

"कोन गेलं वं, बाई?"

ती डाव्या बाजूला होती. यास्मीन समोरच पाहत राहिली. म्हातारीने पुन्हा विचारलं. महामायाने कोपर लावून मैत्रिणीला तिकडे बघायची खूण केली आणि उत्तर आपणच देऊन टाकावं म्हणून तोंड उघडलं. पण यास्मीनने म्हातारीच्या हलत्या ओठांकडे पाहिलं आणि महामायाच्या हातावर हात ठेवला.

"कोन गेलं म्हनते?" तिने महामायाला विचारलं. महामायाने हो म्हणून मान हलवली.

"कान गेला, मावशी," यास्मीन म्हणाली. मोठ्याने, साऱ्या बसला ऐकू जाईल असं. "हा डावा. तिकडून बोललेलं मले आयकू येत नाई."

ती अख्खी म्हातारीकडे वळून बसली. डोक्यावरची ओढणी उजव्या कानामागे सारली आणि तो कान पुढे केला.

"हं, आता बोला."