जिताड्याची जागा

"महादेव, नक्की इथंच ना? यंत्राला काहीच लागत नाही," सर्व्हेच्या साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

यंत्र पाण्यात आवाज सोडायचं, तो तळावर आपटून परत आला की कागदावर तळाची रेघ उमटायची. दोन दिवस रेघ सपाट. गोऱ्यांच्या अमलात वादळात दिसेनाशी झालेली आगबोट शोधायची होती आणि खाडी पाठ असलेला माणूस म्हणून महादेवला लाँचवर घेतलं होतं.

"हितंच सायब. कर्नाळ्याचा सुळका त्या ताडावर आला का हीच जागा."

ताड चुकीचा होता. खरा ताड पाव मैल पलीकडे. पण मासेमारी करणारा माणूस एक वेळ जीव देईल, जागा नाही सांगायचा! जिभेला सवयच तशी.

बोट गेली त्याच्या पुढच्याच वर्षी महादेवचं जाळं तिथं अडकलं, बोटीच्या कठड्याचा तुकडा वर आला. थोरला भाऊ शिवा त्याच बोटीवर खलाशी होता. महादेव मुलासारखा रडला. मग आठ दिवसांनी तिथंच गळ टाकला, कारण लोखंडाच्या आडोशाला जिताडे बक्कळ. तीस वर्षं घर त्यावर चाललं. वहिनीला सांगितलं असतं तर तिथला मासा तिनं घरात येऊ दिला असता का? आज पहाटेही त्यानं तिथूनच एक जिताडा आणून दिला होता.

निघताना वहिनीनं, दमयंतीनं, नारळ दिला होता. "भावजी, बोट गावली का ह्यो तिथं पाण्यात सोडा. मंग मी कुकू पुसते."

साहेबांनी कागद गुंडाळला. आता खरं बोलावं तर दोन दिवस खोटं बोललो हे कबूल करावं लागणार. महादेव नारळ घेऊन धक्क्यावर उतरला. लाँच मुंबईला गेली.

नारळ परत आलेला बघून वहिनी खाली बसली.

"नाय गावली?"

"नाय."

मग तिनं मान वर केली. चेहरा उजळला होता. "येवढ्या यंत्राला नाय गावली, म्हंजे ती बुडलीच नाय, भावजी! लागली असंल कुठंतरी. येतील ते."

"वैनी..."

"बोला की."

"पानं घ्या वाढायला."

तिनं पानं वाढली. जिताड्याचं डोकं घरातल्या कर्त्याला, ही रीत. तीस वर्षं ते महादेवच्या ताटात पडत होतं. आज तिनं ते वाढलं आणि परत उचललं, वेगळ्या ताटलीत ठेवून वर झाकण घातलं.

"त्यांना ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.