चाळीस अंगठे

मी स्टॅम्प पॅड बोलतोय. निळ्या शाईचा. मला जांभळा म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पत्र्याची डबी, आत स्पंज, वर कापड आणि मग शाईची मनसोक्त आंघोळ, असा माझा जन्म झाला. पुढे वर्षभर दुकानात खोडरबरांच्या शेजारी काढलं. खोडरबरं बडबड फार करतात आणि नंतर ‘आम्ही असं म्हणालोच नव्हतो’ म्हणून मोकळी होतात. तिथून मी दिव्यांगांच्या एका निवासी संस्थेच्या कचेरीत आलो.

संस्थेत चाळीस माणसं राहायची. त्यांच्यावर एक अधीक्षक साहेब. साहेबांना टेबलाचं भारी प्रेम. खोल्यांकडे फेरी मारायची म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायचे. बाकी सगळं कारकुनाच्या गळ्यात. तो मला कधी झाकण लावायचा नाही, पण मनाने वाईट नव्हता. भित्रा होता.

संस्थेची एक रीत होती. कुणी उलट बोललं की त्याची चाकांची खुर्ची कोठीत कुलूपबंद! तिथेच राहणाऱ्या काकी एकदा ‘जेवण गार आहे’ एवढंच म्हणाल्या. चार महिने झाले, त्यांची खुर्ची कोठीत आणि त्या पलंगावर. पाठीला जखमा झाल्या. एरवी मी थट्टेखोर आहे, पण इथे माझी शाई आटते.

शेवटी चाळिसांतल्याच एका मास्तरांनी तक्रार लिहिली. मास्तरांना जन्मापासून दोन्ही हात नाहीत. शर्टाच्या बाह्या खिशांत खोचलेल्या असतात आणि पायाच्या बोटांत पेन धरून ते असं अक्षर काढतात की कारकुनाने लाजावं. त्या पत्रावरून चौकशी आयोग बसला.

साहेबांची तंतरली. त्यांनी एक मजकूर तयार केला, ‘आम्ही येथे अत्यंत सुखात आहोत’, आणि त्याच्या चाळीस प्रती काढल्या. “प्रत्येकाचा अंगठा घे,” त्यांनी कारकुनाला फर्मावलं. दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. कारकुनाने झोपलेल्या नऊ जणांचे अंगठे माझ्यावर टेकवून कागदावर उमटवले. दहावा माणूस घोरताना दचकला आणि त्याने कारकुनाला लाथ घातली. मग कारकून मला घेऊन कचेरीत आला आणि उरलेले एकतीस अंगठे त्याने घाईघाईत, नावंही न बघता, स्वतःच ठोकले. साहेबांनी डोळे मिटून सह्या केल्या, ‘माझ्यासमक्ष’.

सुनावणीला गावातलं सभागृह गच्च भरलं होतं. साहेबांनी मलाही नेलं, न जाणो एखादा अंगठा कमी पडला तर! समोर आयोगाच्या अध्यक्षबाई. त्यांच्या चष्म्याकडे बघूनच मला घाम फुटला. आज हे कागद खरे ठरले तर चौकशी संपणार होती, आणि काकींची खुर्ची कोठीतच राहणार होती.

“चाळीसच्या चाळीस, मॅडम,” साहेब म्हणाले. “एकही माणूस सोडला नाही.”

“मास्तरांचाही आहे?”

“आहे तर! माझ्या डोळ्यांदेखत दिलाय. उजव्या हाताचा!”

अध्यक्षबाईंनी कागद मास्तरांसमोर ठेवला. “मास्तर, हा तुमचा अंगठा?”

“माझा असता तर मला फार आवडलं असतं, बाई.”

सभागृहात खसखस पिकली. साहेबांनी मान वर केली. आठ वर्षांत ते मास्तरांकडे पहिल्यांदाच नीट बघत होते. त्यांची नजर बाह्यांवरून खिशांपर्यंत गेली.

“हात... हात कुठे गेले?”

“कधी आलेच नाहीत, साहेब.”

“मग पायाचा घेतला असेल!” साहेब ओरडले.

मास्तरांनी शांतपणे चप्पल काढली, पाय टेबलावर घेतला आणि पायाचा अंगठा माझ्यात बुडवला. अहो, गुदगुल्या म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं! कागदावर बटाट्याएवढा ठसा उमटला. शेजारचा ठसा बोरासारखा, त्यावर आडवा व्रण. तसाच व्रण आणखी तीस कागदांवर.

अध्यक्षबाईंनी नुसतं कारकुनाकडे पाहिलं. त्याने आपला अंगठा वर केला. आडवा व्रण, आणि नखात अजून माझी शाई. “मीच केलं, बाई,” तो म्हणाला आणि ढसाढसा रडला. “कोठीची किल्लीही माझ्याकडेच आहे.”

कोठी त्याच दिवशी उघडली. साहेबांना संस्थेत पाऊल टाकायला बंदी झाली. गुडघ्यांना तेवढाच आराम.

मी आता पुरावा आहे. पाकिटात बंद, लाखेच्या शिक्क्याखाली हळूहळू वाळतोय. पुरता वाळायच्या आधी एकच विनवणी. कुणाचा अंगठा धराल तर आधी त्याच्या तोंडाकडे बघा, आणि कागदावर काय लिहिलंय ते त्याला सांगा.

पाकिटात जाण्यापूर्वी एक दिवस मात्र मला मिळाला. काकी साक्षीला आल्या, स्वतःच्या खुर्चीतून, स्वतः चाकं ढकलत. तीन तास बोलल्या. मध्ये अध्यक्षबाईंनी चहाचं विचारलं, तर “थांबा हो, अजून मार्च महिनाच चाललाय,” म्हणाल्या. जबानी लिहून झाली तेव्हा शिपायाने सवयीने मला पुढे सरकवलं. काकींनी मला बाजूला केलं.

“आधी वाचून दाखवा,” त्या म्हणाल्या.

शिपायाने वाचलं. काकींनी दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त करून घेतल्या, मग पेन मागितलं आणि सावकाश सही केली, पूर्ण नावानिशी. माझं झाकण कुणी उघडलंच नाही. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.