तळ्याकाठचा नावाडी

आमच्या ऑफिसात गेममध्ये काय राहणार आणि काय जाणार हे जो ठरवतो, त्याला आम्ही कात्री म्हणतो. तोंडावर म्हणतो, आणि तो ओ देतो. मुदत जवळ आली की कात्री नकाशासमोर बसतो आणि एकेक भाग उडवायला लागतो. आधी पूल गेला, मग पवनचक्क्या गेल्या, आणि त्या सोमवारी त्याचं बोट माझ्या दरीवर येऊन थांबलं.

दरी मी केलेली. हरवलेल्या भावाला शोधत एक बहीण बेटभर हिंडते, असा आमचा गेम आहे. दरी बेटाच्या पूर्वेला, मुख्य वाटेपासून बाजूला. तिथे गेलं नाही तरी गेम पुरा होतो. म्हणजे जो जाईल तो निव्वळ जावंसं वाटलं म्हणून जाईल, आणि मला नेमकं तेच हवं होतं. झाडी, ओढा, तळं, तळ्याकाठी एक नावाडी. वर्ष-दीड वर्ष माझा जीव त्या दरीत अडकला होता.

"लोक अर्ध्या वाटेवरून परत येतात," कात्री म्हणाला. "खेळून बघायला आलेला एकही माणूस तळ्यापर्यंत पोचलेला नाही. शुक्रवारच्या टेस्टिंगला कुणी पोचलं आणि तिथे रमलं, तर ठेवू. नाहीतर दरी काढायची."

"पेट्या ठेव की," शेजारच्या टेबलावरून ॲनिमेशनवाल्याने फुकटचा सल्ला दिला.

पेट्या ठेवून झाल्या होत्या. दर वळणावर नाण्यांनी भरलेली पेटी. लोक पेटीकडून पेटीकडे धावले, नाणी उचलली, ओढ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि पेट्या संपल्या तशी पाठ फिरवली. माझा असा संताप झाला की त्याच दिवशी मी सगळ्या पेट्या उपटून टाकल्या.

घरी वेगळंच प्रकरण होतं. नणंदबाईंच्या घराला रंग देणं चाललं होतं, म्हणून त्या आमच्याकडे मुक्कामाला होत्या. दातांच्या दवाखान्यात त्या रिसेप्शनला बसतात. आल्या माणसाची सगळी कुंडली काढल्याशिवाय त्याला डॉक्टरपर्यंत पोचू देत नसाव्यात. आमच्या घरातलं एक कपाट त्यांनी सोडलं नव्हतं. माळ्यावर काय, फ्रिजच्या मागे काय, ओट्याखालच्या खणात काय, सगळं बघून झालेलं. "ताईला सवय आहे," नवरा म्हणायचा. सवय त्यांना, आणि डोकं फिरायचं माझं.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉपवर गेम लावून तोंड पाडून बसले होते. ताई येऊन टेकल्या.

"हे काय गं?"

"तुम्हाला नाही आवडायचं, ताई."

"ते मी ठरवते. दे इकडे."

टेस्टिंगचा आमचा नियम आहे: खेळणाऱ्याच्या मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. ऑफिसात मी तो पाळते. घरी जीभ दाताखाली धरून बसले. ताई झाडांवर आपटल्या, खड्ड्यात पडल्या, एका कोंबडीच्या मागे उगाच गावभर फिरल्या. आणि दरीच्या वाटेवर येऊन थांबल्या.

"पुढे काय आहे?"

"जाऊन बघा ना."

"कशाला जाऊ? दिसत तर काहीच नाही. नुसती झाडी आणि टेकडी."

"तुम्ही असं म्हणता, ताई? आमच्या घरात एक कपाट तरी सोडलंत का?"

निघून गेलं तोंडातून. नवऱ्याला एकदम खोकला आला. ताई मात्र रागावल्या नाहीत.

"अगं, तुझ्या कपाटाचं दार नीट लागत नाही. फटीतून काहीतरी लाल दिसत होतं. लाल काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडेल का? गच्च बंद असतं तर मी हातसुद्धा लावला नसता."

मी त्यांच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि स्वतः त्या वाटेने चालायला लागले. चालतेय, चालतेय, आणि मला चक्क जांभई आली. तेव्हा लक्षात आलं की या दरीत मी कधी चाललेच नव्हते. गेम बनवताना आम्ही चालत नाही, कॅमेरा घेऊन वरून उडतो. वरून तळं चमकताना दिसतं, ओढा दिसतो, नावाड्याची झोपडी दिसते. मी घार होऊन हिंडत होते आणि लोकांना मात्र पायी धाडत होते. स्वतःचाच इतका राग आला की जेवणावरची वासना उडाली.

पुढचे दोन दिवस मी दरीत फक्त पायी फिरले. टेकडी एका बाजूने खाली केली, तिथून झोपडीचा धूर दिसेल अशी. पहिल्या वळणावर पाण्याची नुसती एक चकाकी. दुसऱ्या वळणावर झाडांआडून होडीचं टोक, पूर्ण होडी नाही. बुधवारी संध्याकाळी ताईंच्या हातात पुन्हा कंट्रोलर दिला. धूर दिसताच बाई अशा सुटल्या की वाट सोडून थेट ओढ्यात उतरल्या, काट्यांतून घुसल्या आणि तळ्यावर पोचल्या. मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

पण ताईंनी कंट्रोलर खाली ठेवला. चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"ओढ्यातून आले, काट्यांतून आले, किती वेळा पडले. आणि हा बाबा विचारतो, पलीकडे सोडू का? सरळ वाटेने येणाऱ्यालाही हेच विचारणार ना?"

"हो."

"मग मी एवढी फिरले त्याचं कुणाला काय?"

मग ताईच पुढे म्हणाल्या, "आमचे हे होते तेव्हा मी दवाखान्यातून आले की विचारायचे, आज कोण कोण आलं, काय काय झालं. आता घरी येते आणि दिवा लावते. इथे निदान कपाट उघडलं की तू चिडतेस. बरं वाटतं गं."

मला भरून आलं. त्यांचा हात धरून बसले. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी नावाड्याचं काय करायचं तेही सुचलं. आमचा धंदाच तसा मेला.

गुरुवारचा अख्खा दिवस मी नावाड्याची वाक्यं लिहिण्यात घालवला. दरीत शिरायच्या जितक्या वाटा मला माहीत होत्या, तितकी वाक्यं.

शुक्रवारी खेळायला आला तो चष्म्याच्या दुकानातला विक्रेता. अबोल, चेहरा कोरा. कात्री आणि मी त्याच्या मागे खुर्च्या टाकून बसलो. त्याने धूर पाहिला आणि वळला. ओढ्यातून गेला. तळ्यावर पोचला तसा नावाडी म्हणाला, "ओढ्यातून आलात वाटतं? बूट भिजलेत."

विक्रेता थबकला. होडीत न बसता वळला आणि आल्या वाटेने परत निघाला. कात्रीने सुस्कारा सोडला आणि पेन उचललं.

विक्रेता दरीच्या तोंडाशी गेला, वळला आणि या खेपेला काट्यांतून घुसला.

"काट्यांतून? पाठ बघा जरा आपली," नावाडी म्हणाला.

तो कोऱ्या चेहऱ्याचा माणूस खदखदून हसला. आणि पुन्हा परत फिरला, आता जंगलाच्या बाजूने. वेळ संपली तरी कंट्रोलर सोडेना. शेवटी आम्हीच गोड बोलून त्याला दारापर्यंत पोचवला.

कात्रीच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून मी वायरी गुंडाळत बसले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कात्री विक्रेत्याच्या जागी बसला होता. तो वाटेला गेलाच नाही. दरीच्या मागच्या कड्यावर चढला, जिथे कुणी फिरकणार नाही असं मी धरून चालले होते. घसरला, पडला, पुन्हा चढला. एका कपारीवरून दुसऱ्या कपारीवर उतरत, ओठ चावत, बऱ्याच वेळाने तो तळ्याकाठी आला आणि नावाड्यासमोर उभा राहिला.

"पलीकडे सोडू का?" नावाडी म्हणाला.

कात्रीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. कपाळाला घाम, आणि चेहऱ्यावर खराखुरा राग.

"मी कड्यावरून उतरलोय," तो म्हणाला. "सांग ना याला."