थोरलीचा कौल

मी थोरली बोलतेय. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात, काउंटरखालच्या पहिल्या खणात माझा मुक्काम असतो. तशी मी रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीची, एक साधी पट्टी. वीतभरही लांबी नाही, अंगावर काळ्या चिपांची रांग आणि खालच्या काठाला सोनेरी दात. आजकालच्या पट्ट्या अंगावर रंगीत दिवे लावून मिरवतात. मिरवू देत. त्या विकायला ठेवल्यात, मी नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्हाला भट्टीसारख्या गरम कपाटात बसवून आधी भरपूर राबवून घेतात. जी दमली ती बाजूला, जी टिकली ती डबीत. मी टिकले. डबीत माझ्या शेजारी माझी जुळी बहीण होती. आम्हा दोघींना एकाच यंत्रात नांदायचं होतं, पण दुकानात पाऊल टाकतो न टाकतो तोच एक घाईतलं गिऱ्हाईक आलं. "एकच द्या, दोन काय करू?" डबी फुटली, बहीण गेली, मी राहिले.

जोडी फुटलेला माल सहसा कोणी उचलत नाही. मी काचेच्या कपाटात पडून राहिले. मग एकदा दुकानाच्या मालकीणबाईंपुढे, म्हणजे ताईंपुढे, एक हटवादी यंत्र आलं. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी मला बसवलं आणि पडदा लख्ख उजळला. ताईंनी मला काढून उलटसुलट करून बघितलं. म्हणाल्या, "ही विकायची नाही. ही घरची." त्या दिवसापासून मी थोरली झाले.

माझं काम सांगते. गिऱ्हाईक घरी जोडलेलं यंत्र काखोटीला मारून येतं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळा ठिक्कर. ताई त्याच्या पट्ट्या काढतात आणि मला बसवतात. माझ्यावर यंत्र उठलं तर दोष त्याच्या पट्टीत. नाही उठलं तर दोष आणखी कुठेतरी. धान्याच्या दुकानात एक खात्रीचं वजन जपून ठेवतात ना, बाकीची वजनं पारखायला? ते मी. माझा कौल निघाला की वाद संपतो.

आणि वाद कसले कसले! "मी हातसुद्धा लावला नाही, आपोआप बंद पडलं," असं म्हणणाऱ्याच्या पट्टीवर ताईंना त्याच्या बोटांचे ठसे दिसतात. एकाने पट्टी बसवली होती खरी, पण एकाच टोकाला. ताईंनी अंगठ्याने दुसरं टोक दाबलं, 'कट्' झालं, यंत्र उठलं. तो बघतच राहिला. "झालं? एवढंच?" "एवढंच," ताई म्हणाल्या, "पण कुठे दाबायचं ते मी शिकले तेव्हा माझे केस काळे होते." एक शिंपीदादा आले. पट्टी अडखळत बसते म्हणून त्यांनी तिच्या दातांना शिलाई मशीनचं तेल लावलं होतं! ताई खोडरबराने एकेक दात घासत होत्या आणि दादा विचारत होते, "का हो, मग याला तेल कधी देतात?"

ताई म्हणतात, माणूस यंत्र उघडतो तेव्हा आपला धंदा हातात घेऊनच उघडतो. या बोलण्याचा खरा अर्थ मला प्लंबरकाकांनी शिकवला.

तुम्ही म्हणाल, रॅमची पट्टी वीज गेली की सगळं विसरते, मग ही बाई एवढं कसं सांगते? खरं आहे. मला बाहेर काढलं की मी कोरी. पण ताईंना गोष्ट सांगायची भारी हौस. नवीन गिऱ्हाईक आलं की मला हातात धरून तेच किस्से सांगतात. माझं चरित्र मला असं ऐकून ऐकून पाठ झालंय. थोडं तिखटमीठ त्यांचं असेल, ते तुम्ही समजून घ्या.

तर प्लंबरकाका. गावभर लोक त्यांना शोधत येत, कारण त्यांनी बसवलेला नळ गळत नसे. ते एका दुपारी यंत्राचा पत्र्याचा डबा छातीशी धरून आत आले. मागे त्यांची मुलगी. काकांनी दोन रॅमच्या पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. "ताई, या बदलून द्या. दोन्ही खराब निघाल्या."

"दोन्ही एकदम? काय होतंय?"

"चालू केलं की आतल्या मुख्य बोर्डावर हा पिवळा दिवा लागतो आणि तसाच राहतो. पुस्तिकेत लिहिलंय, मेमरीचा दोष."

मुलगी हळूच म्हणाली, "बाबांनी सगळं करून बघितलं. एकेक पट्टी लावून बघितली, जागा बदलून बघितली, बोर्डाची बॅटरीसुद्धा काढून घातली."

"मग आता घाई कसली आहे?" ताईंनी विचारलं.

तेव्हा मुलीने सांगितलं. तिला घरबसल्या इमारतींची चित्रं काढून देण्याचं काम मिळालं होतं. उद्या सकाळपासून सुरू. यंत्र नसेल तर ते काम यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. तिचा मामा म्हणाला होता, तयार घेऊन टाका. काका अडून बसले. "माझ्या लेकीचं यंत्र मी जोडणार." मामा हसला होता. "भावोजी, नळ जोडणं वेगळं." तेव्हापासून काका घरात धड जेवलेही नव्हते.

"मामाचं जाऊ दे गं," काका म्हणाले. "हे एकदा चालू होऊ दे."

ताईंनी काकांच्या पट्ट्या दुकानाच्या यंत्रात लावल्या. दोन्ही पट्ट्यांवर यंत्र लगेच उठलं. काकांचा चेहरा उतरला. पट्ट्या चांगल्या होत्या.

"थोरलीला काढते," ताई म्हणाल्या. "तुमच्या बोर्डाला हिचं तरी पटतं का बघू."

खण उघडला. मी रुबाबात बाहेर आले. काकांच्या बोर्डात बसले, दोन्ही टोकांना 'कट्' झालं, ताईंनी बटण दाबलं. पंखे फिरले. पिवळा दिवा लागला.

आणि तसाच राहिला.

दुसऱ्या जागी बसवलं. पुन्हा तेच. काका चाचरत म्हणाले, "ताई, रागावू नका, पण तुमची ही थोरलीच गेली वाटतं."

काय सांगू! आजवर माझ्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती झाली नव्हती. ताईंनी मला उचललं आणि दुकानाच्या यंत्रात बसवलं. मी उठले. अशी उठले की पडद्यावर अक्षरं धावत आली. ताई फक्त म्हणाल्या, "थोरली ठणठणीत आहे, काका."

"मग बोर्ड गेला," काका मटकन स्टुलावर बसले. मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, जाऊ दे. पुढचं काम मिळेल मला." काका तिच्याकडे बघेनात.

दुसरा कोणी दुकानदार असता तर तिथेच नवीन बोर्ड गळ्यात मारला असता. ताई मात्र वाकून बोर्ड बघत बसल्या. प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू; त्याच्या डोक्यावर त्याला थंड ठेवणारा पंखा असतो, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. ताईंनी सहज एका स्क्रूला पेचकस लावून फिरवला. हलेना. दोन्ही हातांनी फिरवला. तरी हलेना. त्यांनी मान वर केली.

"काका, हे कोणी आवळलं?"

"मी. का?"

"केवढं आवळलंत?"

काका ताठ झाले. "आवळायचं म्हणजे आवळायचं, ताई! सैल सोडलं तर गळेल की."

"काय गळेल?"

काकांनी वाकून बोर्डाकडे बघितलं. मुलगी आधी हसली. मग ताई. शेवटी काकाही कपाळावर हात मारून हसायला लागले.

ताईंनी समजावलं. पट्टीचा आणि प्रोसेसरचा निरोप प्रोसेसरच्या खालच्या केसासारख्या बारीक पिनांमधून जातो. वरून असा दाब दिला की बोर्ड किंचित वाकतो, काही पिना टेकत नाहीत, आणि मग कुठलीही पट्टी लावा, यंत्राला ती दिसतच नाही. "मेमरीचा दिवा लागला म्हणजे दोष मेमरीतच असतो असं नाही. थोरलीने तेच सांगितलं आपल्याला."

"मग सोडवा की स्क्रू."

"तुम्हीच सोडवा. माझ्याने काय, या गल्लीत कोणाच्याने सुटायचा नाही."

काकांनी पेचकस घेतला. मनगटाला एक झटका, स्क्रू कुरकुरत सुटला. असे चारही. खालची जागा तपासून, पिना शाबूत आहेत हे बघून ताईंनी पंखा पुन्हा ठेवला आणि पेचकस परत काकांच्या हातात दिला. "आता समोरासमोरचे स्क्रू, थोडे थोडे. चिमटीने. लेकीची वेणी घालता तसं."

"हिची वेणी मी कधी घातली नाही."

"घातलीय बाबा," मुलगी म्हणाली. "आई आजारी होती तेव्हा. शाळेत बाई म्हणाल्या, एवढी घट्ट कोणी घातली?"

काकांनी दोन बोटांत पेचकस धरला आणि श्वास रोखून फिरवला. मोठ्या पाइपांवर चालणारा तो हात आता पाव-पाव फेऱ्याने चालत होता. ताईंनी मला बसवलं. बटण मुलीला दाबायला सांगितलं.

पिवळा दिवा लागला. मग विझला. पडदा उजळला.

ते यंत्र पहिल्यांदा जागं झालं ते माझ्या जिवावर! मग ताईंनी मला काढून काकांच्या दोन्ही पट्ट्या जोडीने बसवल्या, त्यांच्यावरही यंत्र उठलं. डबा छातीशी धरून काका दारापर्यंत गेले आणि परत आले. "तिला जरा बघू." त्यांनी मला तळहातावर घेतलं. "बाई गं, तुझ्यावर आळ घेतला. चुकलो." एवढ्या मोठ्या माणसाने माफी मागितलेली पट्टी तुम्ही दुसरी दाखवा.

आता नवीन बोर्डांत मी बसत नाही. माझ्या पोटाला जिथे खाच आहे तिथे त्यांच्या खोबणीतला उंचवटा येत नाही. ताईंनी तपासायला एक नवीन पट्टी आणली, तिचं नाव धाकटी. परवा खण आवरताना कोणीतरी विचारलं, "ही जुनी भंगारात टाकू?" ताईंनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"काकांची लेक अजून त्याच यंत्रावर काम करते. आता दोन माणसं आहेत तिच्या हाताखाली. ते यंत्र माझ्या थोरलीच्या पिढीचं आहे. उद्या पिवळा दिवा लागला तर काका कुणाकडे येतील?"

म्हणून मी अजून पहिल्याच खणात आहे, धाकटीच्या शेजारी. तुमच्याकडेही कधी पडदा काळा राहिला तर घाईने पट्टीला नावं ठेवू नका. आधी खात्रीची एखादी लावून बघा. आणि स्क्रू आवळताना हात जरा हलका ठेवा. तिथे काही गळत नाही.